रिव्हेट मोजणाऱ्यांनी माणसेही मोजावीत

१/२३
#थ्रेड
लष्करी वाहनांच्या प्रतिकृती जमवणाऱ्या मंडळींत एक वाक्य अभिमानाने उच्चारले जाते : "आमच्या कपाटातले सारे काही इतिहासाला धरून असते." समोर काचेआड १/३५ प्रमाणातला टायगर रणगाडा असतो. त्याच्या साखळीपट्ट्यातील कड्या मोजून बसवलेल्या असतात, चिखलाची छटासुद्धा ऋतूप्रमाणे निवडलेली असते. हे श्रम खरे आहेत. मात्र त्या तोफेच्या तोंडासमोर कोण उभे होते, असे विचारले की कपाटाचा मालक गप्प होतो. आजच्या थ्रेडचा विषय आहे तो गप्पपणा.

२/२३
या छंदाचा एक धागा ज्ञानव्यवहारातून आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना आणि वैमानिकांना शत्रूचे वाहन कोणते व मित्राचे कोणते हे क्षणार्धात ओळखता यावे, म्हणून लहान प्रतिकृतींच्या साहाय्याने शिकवले जात असे. अमेरिकेत तर शाळकरी मुलांकडून लाकडी विमाने कोरून घेतली गेली. प्रतिकृतीचे काम होते ओळख पटवणे : हे यंत्र कोणाचे, ते कोणावर चालून येत आहे. आजच्या संग्राहकाला यंत्राचे नाव, उपप्रकार आणि रंगाचा क्रमांक मुखोद्गत असतो. मात्र मूळ प्रश्नातला 'कोणावर' हा अर्धा भाग त्याच्या शब्दकोशातून गळून पडला आहे.

३/२३
ज्या १/३५ प्रमाणाची आज शपथ वाहिली जाते, त्याचा जन्मही बोधप्रद आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी जपानमधील शिझुओकाच्या तामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचा प्लास्टिक संच काढला. तो मोटारीवर चालावा अशी योजना होती. आत बॅटऱ्या आणि मोटर मावतील एवढा आकार ठरला आणि मागाहून मोजता तो मूळ रणगाड्याच्या सुमारे ३५व्या हिश्शाएवढा भरला. म्हणजे जगभर मान्य झालेले हे 'ऐतिहासिक' प्रमाण खेळण्याच्या बॅटरीने ठरवले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण कपाटातली प्रत्येक गोष्ट इतिहासानेच ठरवलेली असते, हा दावा इथेच ढिला पडतो. काय बनेल, काय खपेल आणि काय मांडले जाईल हे बाजारही ठरवतो.

४/२३
टीकेपूर्वी या छंदाचे ऋण मान्य केले पाहिजे. जर्मन रणगाड्यांवर चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून 'झिमरिट' नावाचा लेप दिला जाई. १९४३च्या अखेरीपासून १९४४च्या सप्टेंबरपर्यंतच त्याचा वापर झाला, हे ज्ञान अनेक पदवीधरांना नसते आणि सोळा वर्षांच्या संग्राहकाला असते. छायाचित्रातील खिळ्यावरून वाहनाचा उत्पादन-महिना ओळखणारी नजर कोणत्याही अभिलेखागारात उपयोगी पडेल. या पंथात अतिचिकित्सकांना गमतीने 'रिव्हेट मोजणारे' म्हणतात. ती चिकित्सा वाया जाऊ नये, एवढ्याचसाठी हा वाद घालणे आवश्यक आहे. रिव्हेट मोजण्याची सवय जडलेल्याने मोजणी मध्येच का थांबवावी?

५/२३
प्रथम साधे आकडे. टायगरच्या पहिल्या आवृत्तीचे उत्पादन सुमारे १,३५० होते. अमेरिकेने शर्मन रणगाडे बनवले सुमारे ४९,०००. सोव्हिएत संघाने युद्धकाळात बनवलेल्या टी-३४ रणगाड्यांची संख्या ५० हजारांच्या पुढे जाते. आता एखाद्या प्रतिकृतींच्या दुकानात जावे आणि फळ्या पाहाव्यात. आरंभीचा टायगर, मधला टायगर, अखेरचा टायगर, आफ्रिकेतला टायगर, रशियातला टायगर! प्रत्यक्ष रणांगणावर विरळा असलेले यंत्र फळीवर बहुसंख्य होते. शंभर वर्षांनी कोणी केवळ ही फळी पाहून युद्धाचा इतिहास लिहिला, तर जर्मनी ते युद्ध हरला कसा, हे त्याला उलगडणार नाही.

६/२३
ते उलगडते ट्रकांमुळे. अमेरिकेने अडीच टनी जीएमसी ट्रक पाच लाखांहून अधिक बनवले. मित्रराष्ट्रांच्या मदतयोजनेतून सोव्हिएत संघाला सुमारे चार लाख जीप आणि ट्रक मिळाले, आणि 'कात्यूशा' अग्निबाणांचे अनेक संच अमेरिकी स्टुडबेकर ट्रकांवर चढले. उलट, २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत भूमीवर चालून गेलेल्या जर्मन सैन्याने सहा लाखांहून अधिक घोडे सोबत नेले होते. 'विद्युत्वेगी यांत्रिक सैन्य' म्हणून ज्याचा बोलबाला आहे, त्यातील बहुसंख्य सैनिक पायी चालत होते आणि त्यांच्या तोफा घोडे ओढत होते. घोडागाड्यांचे संच मिळतात. पण कपाटाचा मधला खण त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो.

७/२३
ही विषमता केवळ आवडीनिवडीची नाही. संग्राहक ज्या छायाचित्रांना 'संदर्भ' म्हणतो, ती काढली कोणी? जर्मन सैन्यात छायाचित्रकार, चलच्चित्रकार आणि वार्ताहर यांच्या खास प्रचार-तुकड्या होत्या. धुळीतून येणारा रणगाडा, झाकण उघडून हसणारा तरुण अधिकारी, खालून वर धरलेल्या कॅमेऱ्यात आभाळाला भिडलेली तोफ : ही चौकट त्यांनी घडवली. आज त्याच चौकटीतून कड्या-खिळे मोजून घेतले जातात. खिळ्यांची संख्या बरोबर येते. त्यासोबत चौकटही घरात येते आणि ती प्रचारखात्याची आहे याची जाणीव राहत नाही. साधनाची चिकित्सा हा इतिहासाचा पहिला धडा; या छंदात तो फक्त रंगछटेपुरता पाळला जातो.

८/२३
दुसरा स्रोत म्हणजे पराभूत सेनापतींच्या आठवणी. गुडेरियनने १९५०च्या सुमारास आणि मानश्टाइनने १९५५मध्ये आपापली बाजू मांडणारी पुस्तके प्रसिद्ध केली. माजी सेनाप्रमुख हाल्डर अमेरिकी लष्कराच्या इतिहास विभागासाठी काम करत होता. या लेखनाचे सूत्र थोडक्यात असे : योजना आमच्या उत्तम होत्या, यंत्रे आमची श्रेष्ठ होती, चुका हिटलरच्या होत्या आणि गुन्हे दुसऱ्याच कोणाचे होते. शीतयुद्धाच्या काळात पश्चिमेला हे सूत्र सोयीचे होते. खोक्यांवरच्या परिचयांत आणि रणगाड्यांवरच्या चित्रमय पुस्तकांत त्याचाच प्रतिध्वनी दीर्घकाळ उमटत राहिला. 'श्रेष्ठ यंत्र, दुर्दैवी पराभव' ही संग्राहकाची लाडकी कथा तिथली आहे.

९/२३
त्या कथेला स्वतः जर्मनीत आव्हान मिळाले. १९९५मध्ये हॅम्बुर्ग येथे सुरू झालेल्या फिरत्या प्रदर्शनाने जर्मन सैन्याच्या पूर्व आघाडीवरील गुन्ह्यांची कागदपत्रे आणि छायाचित्रे लोकांपुढे ठेवली. देशभर वादळ उठले. काही छायाचित्रांच्या ओळखीत चुका निघाल्या, प्रदर्शन थांबवून तपासले गेले आणि सुधारून पुन्हा मांडले गेले. मूळ निष्कर्ष टिकला. जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे ३३ लाख मरण पावले. त्यांना वेढ्यात पकडणारी यंत्रे कोणती होती? पँझर ३, पँझर ४ आणि अर्धसाखळी वाहने. आज फळीवर दिसतात तीच.

१०/२३
आता एकच आठवडा पाहू. १३ जून १९४४ रोजी नॉर्मंडीतील व्हिलेर-बोकाज गावात वाफेन-एसएसच्या मिखाएल विटमनने टायगरमधून ब्रिटिश तुकडीची दाणादाण उडवली. या प्रसंगाची दृश्ये जगभर साकारली जातात आणि विटमनचे नाव संचांच्या खोक्यांवर झळकते. त्याआधी तीनच दिवस, १० जूनला, नॉर्मंडीकडे निघालेल्या वाफेन-एसएसच्याच 'दास राइश' डिव्हिजनच्या सैनिकांनी फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान गाव वेढले. पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या, बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून मारले. ६४०हून अधिक बळी. संघटना एक, आघाडी एक, आठवडा एक. फळीवर मात्र यातला एकच दिवस येतो.

११/२३
ओरादूरचे ते जळके गाव फ्रान्सने मुद्दाम तसेच राखले आहे. तिथे रस्त्याकडेला एक गंजलेली मोटार उभी आहे. तिला रंग नाही, काचा नाहीत, टायर नाहीत. ती दुसऱ्या महायुद्धातील अस्सल वाहन आहे. जुनाट गंज, उडालेला रंग, तापून वाकलेला पत्रा हे परिणाम रंगांनी साधण्यासाठी संग्राहक रात्री जागवतात. त्या मोटारीवरचा गंज मात्र कौशल्याचा नमुना म्हणून पाहता येत नाही, कारण तिच्या भोवती गाव उभे आहे. इथेच सारा प्रश्न उलगडतो. गाव काढून घेतले की कोणतेही वाहन सुंदर दिसते.

१२/२३
वाहन कोठे बनले, हेही विचारायला हवे. ऑस्ट्रियातील सांक्ट व्हालेंटिनचा निबेलुंगन कारखाना पँझर ४च्या उत्पादनाचे मोठे केंद्र होता. यागडटायगर तिथेच बनला. १९४४मध्ये त्या कारखान्यासाठी माउटहाउझेन छळछावणीची उपछावणी उघडण्यात आली आणि कैद्यांकडून वेठबिगार करून घेतली गेली. टायगर बनवणाऱ्या कासेलच्या हेन्शेल कारखान्यातही परदेशांतून आणलेले सक्तीचे मजूर राबत. जे संग्राहक कारखान्याच्या ठशावरून 'हा तुकडा अमुक महिन्यातला' असे सांगतात, त्यांना तो तुकडा जोडणारे हात कोणाचे होते हेही सांगता आले पाहिजे. उत्पादनाचा इतिहास अर्धाच सांगायचा, तर तो जाहिरातीसारखा वाचला जातो.

१३/२३
पहिला आक्षेप ठरलेला असतो : "आम्हाला राजकारणाशी कर्तव्य नाही, आम्ही अभियांत्रिकीचे चाहते." ठीक, मग अभियांत्रिकीच बोलू. जुलै १९४३मध्ये कुर्स्कच्या लढाईत सुमारे २०० नवे पँथर उतरले. सुरुंग, शत्रूचा मारा आणि स्वतःचेच यांत्रिक बिघाड यांनी मोजक्या दिवसांत त्यांतले बहुतेक निकामी झाले. चाकांना गती पोहोचवणारा शेवटचा दातेरी संच हे पँथरचे अखेरपर्यंतचे दुखणे राहिले. दुरुस्तीला सोपे, सुट्या भागांना मुबलक आणि हजारोंनी पुरवता येईल असे यंत्र घडवणे हीसुद्धा अभियांत्रिकीच. त्या कसोटीवर शर्मन उजवा ठरतो. पण तो 'दिसायला' भारदस्त नाही. मग चाहते कशाचे, अभियांत्रिकीचे की रुबाबाचे?

१४/२३
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : "अत्याचार सर्वच सैन्यांनी केले. फक्त जर्मनांनाच पिंजऱ्यात का उभे करता?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नियम सर्वांना सारखा लावणे हे आहे. नाझींना हरवणारा टी-३४ पुढे १९५६मध्ये बुडापेस्टच्या रस्त्यांवर हंगेरियन जनतेविरुद्ध उतरला. त्याची प्रतिकृती मांडताना कुर्स्कही सांगावे आणि बुडापेस्टही. मात्र 'सर्वांनीच केले' हे वाक्य उच्चारून कोणाचेच काही सांगायचे नाही, हा न्याय म्हणता येणार नाही. शिवाय सर्वांचे गुन्हे एका वजनाचे नसतात. संहार हेच ज्या राजवटीचे ध्येय होते, तिची यंत्रे इतरांच्या रांगेत बिनबोभाट बसवता येत नाहीत.

१५/२३
तिसरा वाद चिन्हांचा. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार नाझी चिन्हांच्या प्रसारावर निर्बंध आहेत. त्यामुळे अनेक कंपन्या संचातून नाझी आकडेचिन्ह वगळतात, किंवा ते तुकड्यातुकड्यांत छापतात. संग्राहक संतापून म्हणतात, "ही इतिहासाची मोडतोड आहे." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चिन्ह पुसलेले यंत्र अधिकच निरागस दिसते. परंतु चिन्ह चिकटवले म्हणून इतिहास पुरा होत नाही. त्या चिन्हाखाली काय घडले याची एक ओळही न लिहिता केवळ स्टिकरसाठी भांडणाऱ्याला अचूकतेचा कैवारी म्हणणे कठीण आहे.

१६/२३
आता भारताकडे वळू, कारण हा छंद पुण्या-मुंबईतही आहे आणि इथल्या कपाटांतही रोमेलच्या आफ्रिका कोरची वाळूरंगी वाहने मानाने उभी असतात. त्या सैन्यासमोर कोण होते? एप्रिल १९४१मध्ये लिबियातील मेकिली येथे रोमेलच्या सैन्याने ज्यांना वेढले, त्यांत तिसरी भारतीय मोटार ब्रिगेड होती : घोडदळाच्या परंपरेतील रेजिमेंट्स, ज्यांच्याजवळ रणगाडे नव्हते, ट्रक होते. काही सवार वेढा फोडून निसटले, अनेक कैद झाले. २७ मे १९४२ रोजी बीर हकीमजवळ याच ब्रिगेडवर इटलीच्या आरिएते डिव्हिजनचे रणगाडे चालून आले. वाळवंटातले ते ट्रक किती भारतीय कपाटांत आहेत?

१७/२३
त्याच युद्धात भारतात एक चिलखती वाहन बनत होते. कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या सांगाड्यावर भारतात घडवलेले चिलखत चढवून ते रेल्वेच्या कारखान्यांत तयार होई. टाटांच्या पोलादावरून सैनिक त्याला 'टाटानगर' म्हणत. अशी चार हजारांहून अधिक वाहने बनली आणि उत्तर आफ्रिकेपर्यंत पोहोचली. आणखी एक चित्र : १९३९मध्ये फ्रान्समधील यांत्रिक ब्रिटिश सैन्याला ओझी वाहायला जनावरे हवी होती, तेव्हा भारतातून खेचरांच्या चार कंपन्या पाठवल्या गेल्या. डंकर्कच्या धावपळीत हे भारतीय सैनिकही होते. ही दृश्ये साकारायला कौशल्य कमी लागेल का? मुळीच नाही. ती डोळ्यांसमोर कधी आलीच नाहीत.

१८/२३
१३ एप्रिल १९४४, इंफाळजवळची नुनशिगम टेकडी. तिसऱ्या कॅराबिनियर्सचे ली रणगाडे डोग्रा पायदळासह अशा चढावर गेले, जिथे रणगाडा येईल अशी जपान्यांची अपेक्षा नव्हती. सारे अधिकारी मृत वा जखमी झाल्यावर एका सार्जंट-मेजरने हल्ला तडीस नेला. युरोपात कालबाह्य ठरलेला ली इथे निर्णायक ठरला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे ११,००० फुटांहून उंच झोजी ला खिंडीत घुसले आणि लडाखची वाट मोकळी झाली. कागदावरच्या तुलनेत ली आणि स्टुअर्ट टायगरपुढे क्षुद्र. यंत्राची थोरवी जागा आणि वेळ ठरवतात. केवळ चिलखताची जाडी मोजणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

१९/२३
१९६५च्या युद्धात तर यंत्रपूजेचे पितळ भारतीय भूमीवरच उघडे पडले. पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची ख्याती मोठी होती. असल उत्तरच्या उसाच्या शेतांत, पाणी सोडलेल्या मऊ जमिनीत ते रुतले. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर तोफेने अब्दुल हमीद यांनी त्यांतले अनेक टिपले. सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर जखमी होऊनही मागे हटले नाहीत. १६ सप्टेंबरला ते सेंच्युरियनसह कामी आले. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात देशोदेशीची खरी वाहने उभी आहेत. तिथे जाऊन आलेल्याला कळते की त्या लोखंडी पेटीत बसणे ही सुखाची गोष्ट नाही.

२०/२३
पण 'आपल्या' वाहनांची फळी मांडली म्हणजे काम संपले, असेही नाही. भारतातील चिलखती मोटारीचा सर्वांत काळा दिवस १३ एप्रिल १९१९. जनरल डायर अमृतसरच्या जालियनवाला बागेकडे निघाला तेव्हा त्याच्यासोबत मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती मोटारी होत्या. बोळ अरुंद असल्याने त्या बाहेरच राहिल्या. आतील सैनिकांनी रायफलींतून १,६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ जण मेले. मोटारी आत जाऊ शकल्या असत्या तर बहुधा मशीनगनही चालवल्या असत्या, असे डायरने हंटर समितीपुढे कबूल केले. त्या काळच्या ब्रिटिश चिलखती मोटारीची देखणी प्रतिकृती मांडणाऱ्याने त्या बोळाची रुंदीही लक्षात ठेवावी.

२१/२३
आणि स्वतंत्र भारत? सप्टेंबर १९४८मध्ये सोलापूरहून निघालेली भारतीय सैन्याची मुख्य फळी नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरली. रझाकारांच्या जुलमाने गांजलेल्या मराठवाड्याला मुक्ती मिळाली, हे निर्विवाद. त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर भीषण सूड उगवला गेला, हेही सुंदरलाल समितीने नोंदवले. तिच्या अंदाजात मृतांची संख्या २७ ते ४० हजार होती आणि तो अहवाल अनेक दशके दडून राहिला. दोन्ही वाक्ये एकाच कार्डावर लिहिण्याचे धैर्य नसेल, तर ओरादूरबद्दल बोलण्याचा अधिकार उरत नाही. नियम परक्यांना आणि सवलत स्वकीयांना, असा इतिहास लिहिता येत नाही.

२२/२३
उपाय खर्चिक नाही. प्रत्येक प्रतिकृतीशेजारी हाताएवढे कार्ड असावे, त्यावर चार ओळी : हे कोठे आणि कोणाच्या श्रमांतून बनले, कोणत्या तुकडीने, कोठे, कधी वापरले, समोर कोण होते, त्यांचे पुढे काय झाले. टाइप ५९ या चिनी रणगाड्याचे उदाहरण घ्यावे. डिसेंबर १९७१मध्ये लोंगेवालाच्या वाळूत हाच प्रकार पाकिस्तानच्या बाजूने आला आणि हंटर विमानांनी त्याची राखरांगोळी केली. जून १९८९मध्ये बीजिंगमध्ये याच प्रकारच्या रांगेपुढे हातात पिशव्या घेतलेला एक माणूस उभा राहिला. यंत्र एकच, कार्डे दोन. त्या बीजिंगच्या छायाचित्रात रणगाड्यांपेक्षा माणूस आधी दिसतो. संग्राहकाच्या कपाटात हे व्हायला हवे.

२३/२३
कोणी म्हणेल, अशाने छंदातली मजा जाईल. ज्याची मजा चार ओळींच्या कार्डाने जाते, त्याला मुळात कशाची मजा वाटत होती हे त्याने स्वतःलाच विचारावे. ज्यांना इतिहासाची ओढ आहे त्यांचा आनंद वाढेलच. कारण खिळा, कारखाना, तुकडी, गाव आणि माणूस अशी साखळी जुळवण्याइतके रंजक काम दुसरे नाही. पुढचा संच उघडाल तेव्हा सूचनापत्रकाची शेवटची पायरी पूर्ण झाल्यावर आणखी एक पायरी हाताने लिहून ठेवा : 'समोर कोण होते?' या प्रश्नाचे उत्तर शोधून कार्ड लिहिल्यावरच प्रतिकृती काचेआड ठेवा.